यादीबाहेरचं वाक्य

माझं अक्षर चांगलं आहे. स्वतःबद्दल एवढं एक वाक्य मी छातीठोकपणे लिहू शकतो. दुसरं मागाल तर थोडा वेळ द्यावा लागेल. शाळेत असताना फळ्यावर सुविचार लिहायला मला पाठवायचे. सुविचार कोणता, ते दुसरंच कुणी ठरवायचं. पुढे एका कंपनीच्या टपाल विभागात चिकटलो तोही अक्षराच्या जोरावर. पाकिटांवर पत्ते घालायचो. मग छापील स्टिकर आले आणि ऑफिसात माझ्या अक्षराला कुणी विचारेना. घरी मात्र मागणी टिकून होती, कारण माझी बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे.

तिचं अक्षर फळ्यावर बघत राहावं असं आणि कागदावर डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं. "हात खडूला सरावलाय, पेन धरलं की बिथरतो," असं तिचं म्हणणं. त्यामुळे तिच्या वर्गाची प्रगतीपुस्तकं गेली चौदा वर्षं मी लिहीत होतो. हे तसं शाळेत कुणाला सांगायचं नसतं. पण ज्यांच्या घरात प्राथमिक शिक्षक आहे त्यांना ठाऊक असेल, ऑक्टोबरात आणि एप्रिलात त्या घरातला नवरा, मुलगा, सून, पाहुणा आलेला मेहुणा, ज्याचं अक्षर बरं असेल तो जेवणाच्या टेबलाला जुंपला जातो.

मार्क भरणं सोपं. जीव काढतात त्या वर्णनात्मक नोंदी. मूल इतरांशी कसं वागतं, खरं बोलतं का, जबाबदारी घेतं का, त्याला कशाची आवड आहे, कुठे सुधारणा हवी, हे प्रत्येकाबद्दल बाईंनी शब्दांत लिहायचं असतं. कल्पना चांगलीच आहे. फक्त वर्गात मुलं छत्तीस, सत्रं दोन, आणि एकेका मुलामागे चार रकाने. म्हणून शिक्षकांनी तयार वाक्यांच्या याद्या केल्यात. त्या एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जात असतात. बायकोच्या यादीत बेचाळीस वाक्यं होती. मी ती सुवाच्य अक्षरात पुठ्ठ्यावर उतरवली, वाक्यांना नंबर घातले आणि वरून प्लास्टिकचं कव्हर चढवलं. बायको फक्त आकडे सांगायची, मी वाक्यं लिहायचो.

चार नंबर म्हणजे 'मैदानी खेळांत आवडीने भाग घेतो.' नऊ नंबर, 'आईला घरकामात मदत करते.' एकवीस, 'गटात मिळूनमिसळून काम करतो.' सत्तावीस, 'वैयक्तिक स्वच्छतेकडे लक्ष देणे आवश्यक.' चौदा वर्षांत ही वाक्यं घरात इतकी मुरली की मुलगा आंघोळ टाळायला लागला की त्याची आई नुसतं "सत्तावीस!" म्हणून ओरडायची. मी ऑफिसातून आलो की तो विचारायचा, "बाबा, आज एकवीस का?" म्हणजे साहेबाशी भांडण झालं नाही ना.

माझी आई आमच्याकडेच असायची. आम्ही टेबलाच्या एका टोकाला प्रगतीपुस्तकं मांडायचो, दुसऱ्या टोकाला ती वर्तमानपत्र पसरून सुकट निवडत बसायची. खाली गुजराती कुटुंब राहतं, म्हणून स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायची, मग सगळ्या घरात वास, आणि त्या वासात मी 'निसर्गाविषयी प्रेम बाळगतो' वगैरे लिहायचो. आई जन्मभर मुंबईत राहिली तरी बोलणं मालवणीच.

"झिला, माझो नंबर खयचो रे?" ती दर वेळी विचारायची.

"तुला नंबर नाही. तू काय तिसरीत आहेस?"

"मगे? माका काय गुण नायत?"

"यादीत बेचाळीस आहेत आणि तुमचे सगळे यादीबाहेरचे," बायको म्हणायची. आई खूश व्हायची, आणि निवडून काढलेली सुकटीची डोकी पुन्हा चांगल्या ढिगात टाकायची.

आई जानेवारीत गेली. तीन दिवस हॉस्पिटल, चौथ्या दिवशी सकाळी. मी रडलो नाही. हे कौतुकानं सांगत नाही. मी वाट बघत होतो, पण काही आलंच नाही. स्मशानात सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी तिथल्या पाटीवरचं अक्षर बघत होतो. 'कृपया शांतता राखा'मधला 'शां' कुणीतरी फार घाईत रंगवला होता. तेराव्यानंतर ऑफिसला गेलो. लोक "कसा आहेस रे?" विचारायचे, मी "ठीक" म्हणायचो, आणि ते खोटंही नव्हतं. कुणीतरी आतला पंखा बंद केल्यासारखं होतं. उकडत नव्हतं, वाराही नव्हता.

फेब्रुवारीच्या एक तारखेला मी मेडिकलमधून आईच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेऊन आलो. मार्चच्या एक तारखेला पुन्हा आणल्या. दुसऱ्या वेळी बायकोनं त्या माझ्या हातातून घेतल्या आणि कपाटाच्या खणात ठेवून दिल्या.

आता त्या मुलीचं सांगतो.

बायकोच्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी होती. तिची आई दिवाळीच्या सुट्टीत गेली. सुट्टी संपल्यावर मुलगी शाळेत आली ती बोलायची बंद होऊनच. हजेरीला नुसता हात वर करायची. लिहायची सगळं, गणितं बरोबर सोडवायची, मधल्या सुट्टीत खिचडी खायची, ताटली धुऊन ठेवायची. शब्द मात्र नाही. घरी मावशीशी कामापुरतं बोलायची, असं कळलं. शाळेत काहीच नाही.

मुख्याध्यापिका बाईंनी सुचवलं, "तिला परिपाठाला माइकवर उभी करा, धीट होईल." बायकोनं "बघते" म्हटलं आणि अर्थातच केलं नाही. तिनं दुसरंच केलं. वर्गात एक बुटांचा खोका असतो, हरवलेल्या वस्तूंचा. खोडरबर, डब्याची झाकणं, हेअरबँड, एका पायाचा मोजा. महिनोन्महिने त्या वस्तू तशाच पडून असतात, कारण कुठलंही मूल 'हे माझं' म्हणायला येत नाही आणि बाईंना वेळ नसतो. बायकोनं तो खोका त्या मुलीकडे दिला. "हे ज्याचं त्याला द्यायचं. तुला जमेल तसं," एवढंच सांगितलं.

चार दिवसांत खोका रिकामा. मुलगी एक अक्षर न बोलता प्रत्येक वस्तू बरोबर त्या त्या बाकावर ठेवून यायची. कुणाचा खोडरबर कसा कुरतडलेला असतो, कुणाच्या पट्टीवर कुठला स्टिकर आहे, कोण आपलं नाव उलट्या बाजूनं कोरतं, सगळं तिला माहीत होतं. "बोलत नाही म्हणून दिसतंय तिला," बायको जेवताना सांगायची. मी "हं" म्हणायचो. त्या दिवसांत माझ्याकडे 'हं' भरपूर होते.

मार्चमधली गोष्ट. एका मुलानं खोक्यातलं चार रंगांचं पेन उचललं आणि बाईंना म्हणाला, "हे माझंय." बायको गडबडीत होती, "बरं, घे" म्हणाली. तेवढ्यात मागून आवाज आला, "हे त्याचं नाहीये."

पाच महिन्यांत पहिल्यांदा तो आवाज ऐकला होता सगळ्यांनी.

"मग कुणाचं?" बायकोनं विचारलं, जणू ती रोजच बोलते अशा सुरात.

"माझ्या पुढे बसते तिचं. ती आज आली नाहीये. मागचं टोक चावलेलं आहे, ते तिचं."

मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "ए, ही बोलली यार!" पोरं टाळ्या वाजवणार होती. बायकोनं डोळे मोठे केले आणि पाढे म्हणायला लावले. त्या मुलाला रागावलीही नाही. "आठवडाभर तू हिच्याबरोबर खोका सांभाळ," म्हणाली. तो आधी तोंड वाकडं करून आणि मग चक्क आवडीनं फिरला म्हणे तिच्यामागे, "हे कुणाचं गं? आणि हे?" करत.

शाळा सुटताना बायकोनं मुलीला थांबवलं. "आज तू केलंस ना, त्याबद्दल मी तुझ्या प्रगतीपुस्तकात लिहिणार आहे. मी स्वतः."

"काय?" मुलीनं विचारलं.

"ते निकालाच्या दिवशी वाच."

त्या संध्याकाळी बायको दारातूनच सांगत आली. चपला काढायच्या आधी सगळं सांगून झालं. मी "वा" म्हटलं आणि ताक मागितलं. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि ताक आणायला गेली.

त्यानंतर मुलगी थोडंथोडं बोलू लागली. हजेरीला 'हजर' म्हणायची. आणि दर आठवड्याला बाईंना विचारायची, "लिहिलं का?" बाई म्हणायच्या, "अजून पुस्तकं लिहायला घेतली नाहीत गं." हेही मला जेवताना कळायचं.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी दुपारी आम्ही नेहमीप्रमाणे बसलो. कांजूरच्या कचराडेपोच्या बाजूनं वारा होता म्हणून खिडक्या बंद. टेबलाचं दुसरं टोक रिकामं. मी तिकडे बघत नव्हतो, पण पुस्तकांचा ढीग दर वेळी असतो त्याहून पसरून ठेवला होता, एवढं खरं. बायको आकडे सांगत होती, मी लिहीत होतो. पुस्तकात डाव्या बाजूला पहिलं सत्र, उजव्या बाजूला दुसरं. डावीकडे ऑक्टोबरातलं माझंच अक्षर.

मुलीचं पुस्तक आलं तेव्हा बायको थांबली. खुर्ची पुढे ओढून बसली. "हे यादीतलं नाही हं. नीट लिहा. 'हरवलेली वस्तू ज्याची त्याला नेऊन देते. कुणी खोटं बोललं तर न घाबरता खरं सांगते.'"

मी ऐकलं. ऐकलं नाही असं म्हणून सुटता येणार नाही. प्रत्येक शब्द कानात गेला, मी मानही हलवली. पण डाव्या बाजूला मीच ऑक्टोबरात लिहिलेलं होतं नऊ नंबर, आणि चौदा वर्षांत कुठल्याही मुलीचं पुस्तक दिसलं की माझा हात आपोआप नवाकडे वळायचा. मुलगे चार, मुली नऊ. हातानं डावीकडचं उजवीकडे उतरवलं. वळणदार, एकसारखं, एकही खाडाखोड नाही. 'आईला घरकामात मदत करते.' मी पुस्तक मिटलं आणि पुढचं घेतलं.

संपल्यावर बायको म्हणाली, "एकदा सगळ्यांवरून नजर घालते."

"चौदा वर्षांत एक तरी चूक निघाली का?" मी म्हटलं. तिला सह्या करून दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायची होती. ती म्हणाली, "तेही खरं," आणि नुसत्या सह्या करत गेली.

निकालाच्या दिवशी मला सुट्टी होती. मी बनियनवर बसून वर्तमानपत्रातल्या जाहिराती वाचत होतो. अकराच्या सुमारास बायकोचा फोन आला. आवाज अगदी सरळ. ती चिडली की आवाज चढतो; सरळ झाला की वाट लागली समजायची.

"शाळेत या. येताना ते काळं पेन आणा."

"काय झालं?"

"या तुम्ही."

रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की पेन दोन आणलेत आणि पाकीट घरी राहिलंय. परत गेलो. रिक्षावाला म्हणाला, "काका, परीक्षा आहे का?" मी "निकाल" म्हटलं.

वर्ग रिकामा होता. फळ्यावर बायकोच्या सुंदर अक्षरात सुट्टीच्या शुभेच्छा. बाकांवर तिघी होत्या: बायको, मुख्याध्यापिका बाई आणि एक तिशीतली बाई, मेडिकल दुकानात काम करतात तसला निळा कोट हातावर टाकलेली. ती मुलीची मावशी. मुलगी शेवटच्या बाकावर, दप्तर नाही, हात मांडीवर. टेबलावर ते पुस्तक उघडं. मी उभ्याउभ्याच वाचलं. माझं अक्षर मला लगेच ओळखू आलं, मजकूर दुसऱ्यांदा वाचल्यावर कळला.

"हे बघा," मावशी बायकोला म्हणत होती, मला तिनं बहुधा शिपाई समजून सोडून दिलं होतं. "मी काही भांडायला नाही आले. अर्धी सुट्टी टाकून आलेय. पण माझ्या बहिणीला जाऊन सहा महिने झाले, बाई. ही आईला मदत कुठे करते? वरती जाऊन?"

बायकोनं पुस्तक स्वतःकडे ओढलं.

"घरून निघताना उड्या मारत होती. बाईंनी माझ्याबद्दल लिहिलंय, बाईंनी माझ्याबद्दल लिहिलंय. आत्ता जिन्यात उघडून बघितलं आणि तेव्हापासून परत तोंड बंद. बघा ना तिच्याकडे."

मुख्याध्यापिका बाईंनी घसा साफ केला. "ताई, काय होतं, नोंदी छापील यादीवरून येतात. तांत्रिक चूक आहे. आपण करून देऊ दुरुस्ती."

"हो, तांत्रिक," मी म्हटलं. मला अजून कुणी विचारलं नव्हतं. "म्हणजे, यादीत काय असतं, एकाखाली एक नंबर असतात, त्यामुळे ओळ खाली-वर…"

"हे बाईंचं अक्षर नाहीये."

शेवटच्या बाकावरून. मोठ्यानं नाही, हळूही नाही. आम्ही चौघंही वळलो.

"फळ्यावरचं बाईंचं. वहीत लाल पेननं लिहितात तेपण बाईंचं. हे दुसऱ्याचं आहे." मग तिनं बायकोकडे बघितलं. "तुम्ही म्हणाला होता, मी स्वतः."

एक गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली, आणि ती इतकी उशिरा आली याची लाज आता लिहिताना वाटते, तेव्हा नाही वाटली. तेव्हा काहीच वाटत नव्हतं. मला वाटत होतं घाव त्या वाक्याचा आहे. वाक्याचा होताच. पण बाईंनी आपल्याला दिलेला शब्द खोटा होता, हे तिनं जिन्यातच अक्षरावरून ओळखलं होतं. ज्या गुणाबद्दल तिच्याविषयी लिहायचं होतं, त्याच गुणानं तिनं आम्हाला पकडलं होतं.

मुख्याध्यापिका बाई बायकोकडे बघत होत्या. त्यांना ठाऊक असणारच, सगळ्याच शाळांत ठाऊक असतं, पण मावशीसमोर ते बोलायचं नव्हतं. बायकोनं तोंड उघडलं. ती माझी चूक स्वतःवर घेणार होती, मला तिच्या मानेवरून कळलं.

"माझं आहे," मी म्हटलं. "अक्षर माझं आहे. मी बाईंचा नवरा."

"अच्छा!" मावशी म्हणाली. "म्हणजे मुलांबद्दल नवरे लिहितात?"

"लिहितात बाईच. उतरवतो मी. त्यांनी मला दुसरं वाक्य सांगितलं होतं. मी हे लिहिलं."

"का?" हे मुलीनं विचारलं.

काय सांगणार होतो? लक्ष नव्हतं, म्हणालो असतो तर ते खोटं नव्हतं. पण तिच्यासमोर ते पुरेसं वाटेना. "माझी आई जानेवारीत गेली," मी म्हटलं. "तेव्हापासून हात आपोआप चालतो. मी बघत नाही."

मावशीनं कोट एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतला. मुलगी माझ्याकडे बघत होती, दया वगैरे नाही, खोक्यातल्या वस्तूकडे बघावं तसं. हे कुणाचं असेल.

"तुम्ही तेव्हा बोलायचा?" तिनं विचारलं.

"बोलायचो. पण 'हं' एवढंच."

तिनं मान हलवली. पटलं असावं.

मुख्याध्यापिका बाईंनी कपाटातून कोरं प्रगतीपुस्तक काढलं. जुन्यावर लाल पेननं तिरकं 'रद्द' लिहिलं, खाली सही. कोरं माझ्यापुढे सरकवलं. मी पेनचं टोपण काढलं, सवयीनं.

"बाईंनी लिहायचं," मुलगी म्हणाली.

"अगं, माझं अक्षर घाण आहे," बायको म्हणाली. तिचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा थोडा हलला.

"चालेल."

मी पेन बायकोला दिलं. ती मुलांच्या बाकावर बसली, गुडघे मावेनात म्हणून तिरकी. मुलगी उठून तिच्याशेजारी येऊन उभी राहिली. नाव, हजेरी, मार्क लिहून झाले. मग डाव्या बाजूला पहिल्या सत्राच्या रकान्याशी बायको थांबली. जुन्या पुस्तकात तिथेही तेच होतं, ऑक्टोबरातलं.

"इथे काय लिहू गं?"

मुलीनं जुनं पुस्तक ओढून बघितलं. बाहेर पटांगणात कुणीतरी झेंड्याचा खांब धुण्यासाठी नळ सोडला होता, त्याचा आवाज येत होता.

"तेच," ती म्हणाली. "तेव्हा करत होते."

मावशी खिडकीकडे वळली.

बायकोनं लिहिलं, 'आईला घरकामात मदत करते.' वाकडं, शब्द एकमेकांवर चढलेले, 'घरकामात'चा 'त' रकान्याबाहेर. मग उजवीकडे तिची दोन वाक्यं. दुसऱ्या वाक्याला जागा पुरली नाही, तिनं ते कडेनं वर नेलं, लग्नपत्रिकेत विसरलेल्या माणसाचं नाव घालतात तसं. मुलगी बोट ठेवून वाचत होती. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. हसली वगैरे नाही. पुस्तक मिटून मावशीच्या पिशवीत घातलं, पिशवीचे बंद ओढले.

"येते बाई," मावशी म्हणाली. मग माझ्याकडे बघून, जरा थांबून, "काका, तुमची आई… वय काय होतं?"

"ऐंशीला आली होती."

"हो का," ती म्हणाली. माझ्या बहिणीचं वय त्याच्या निम्मंही नव्हतं, असं ती म्हणू शकली असती, म्हणाली नाही.

बायकोला रजिस्टरं लावायची होती. मी एकटाच खाली उतरलो. फाटकाशी रिक्षा बघत उभा असताना मागून पळत येण्याचा आवाज आला. मुलगी. मावशी मागे जिन्याशी उभी.

"हे तुमचं," ती म्हणाली. माझं काळं पेन. बायकोच्या हातून टेबलावर राहिलं होतं.

"थँक यू."

"आणि हेपण." तिनं दुसरा हात पुढे केला. रद्द केलेलं प्रगतीपुस्तक.

"हे तर तुझं."

"नाही. तुमचं अक्षर आहे." ते माझ्या हातात ठेवून ती गेली, पळत नाही, चालत. काम संपल्यासारखी.

घरी येऊन मी ते कपाटाच्या खणात ठेवलं, गोळ्यांच्या पाकिटांशेजारी. ठेवताना उघडून बघितलं. 'आईला घरकामात मदत करते', दोनदा, वळणदार, वर तिरकं लाल रद्द. मी वाट बघितली, आता काही येईल. आलं नाही. मी खण लावला. मग उघडून गोळ्यांची तारीख बघितली, अजून बरीच होती. पुन्हा लावला.

हे एप्रिलातलं. यंदा ऑक्टोबरात पुस्तकं आली तेव्हा बायकोनं ती स्वतःच लिहायला घेतली. पुठ्ठ्यावरची यादी तिनं टाकली नाही, पण माझ्याकडे दिली. म्हणाली, तुम्हीच सांभाळा. ती प्रत्येक मुलाचं नाव मोठ्यानं म्हणते, मग बराच वेळ भिंतीकडे बघते, मग लिहिते. एका दुपारी चार पुस्तकं होतात. मुख्याध्यापिका बाईंचे दोन फोन येऊन गेले.

मला टेबलाशी काही काम उरलं नव्हतं. उठून जायचं तर कुठे जायचं, हेही कळेना. दुसऱ्या टोकाला वर्तमानपत्र पसरलं आणि सुकट निवडत बसलो. मला ते येत नाही. डोकी चांगल्या ढिगात जातात. मुलगा आतून आला, वास घेतला, माझ्याकडे बघितलं.

"बाबा, खिडकी लावलीय ना?"

"लावलीय."

"अहो, डोकी वेगळी काढा," बायको वर न बघता म्हणाली.

"हं," मी म्हटलं, आणि काढू लागलो.